कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. कागदावरची नोंद खरी असलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, असे विश्वस्तांनी मला सांगितले. म्हणून मीही नोंदीविषयीच बोलायचे ठरवले. ही नोंद सॉफ्टवेअरमधली आहे आणि तिला आम्ही कॉमेंट म्हणतो. सभागृहात प्रोग्रॅमिंग करणारी बरीच तरुण मंडळी दिसत आहेत, आणि या व्यवसायाशी ज्यांचा संबंध नाही असे श्रोतेही आहेत. थोडे मुळापासून सांगतो.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. त्या माणसे लिहितात, आणि पुढे वर्षानुवर्षे दुसरी माणसे त्या वाचतात, बदलतात. या सूचनांच्या मधे माणसांसाठी चार शब्द लिहायची सोय जवळपास प्रत्येक भाषेत ठेवलेली असते. जुन्या फोरट्रानमध्ये ओळीच्या पहिल्या घरात सी हे अक्षर घातले की ती ओळ कॉमेंट. कोबोलमध्ये सातव्या घरात तारा काढला की कॉमेंट. संगणकाच्या दृष्टीने या ओळी नसल्यात जमा असतात. सी भाषेच्या नियमाप्रमाणे तर दहा ओळींच्या कॉमेंटच्या जागी एक मोकळी जागा धरली जाते आणि कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, पुढे जातो.

सगळा प्रश्न इथेच सुरू होतो. कोडमध्ये एक अर्धविराम राहिला तर कंपायलर अडवतो. हिशेब चुकला तर टेस्ट अडवते, टेस्टमधून सुटला तर ग्राहकाचा फोन येतो. कॉमेंटमध्ये धादांत खोटे लिहिलेले असले तरी कोणी अडवत नाही. प्रोग्रॅम चालतो, टेस्ट पास होते, रिलीज होते. आणि तरीही, अनोळखी कोड समजून घ्यायला बसलेला माणूस सर्वात आधी वाचतो ती कॉमेंटच.

सातबाऱ्यावर विहीर लिहिलेली असते आणि शेतात विहीर नसते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जमीन विकली जाते, वाटणी होते, पीक बदलते, पण फेरफार नोंदवला जात नाही. मूळ नोंद घालणारा तलाठी खोटे बोललेला नसतो. त्याने लिहिले तेव्हा ते खरेच होते. खोटेपणा नंतर आला, कोणी न लिहिता आला. चुकीच्या कॉमेंटही बहुतेक अशाच जन्मतात. खोटे लिहायचे म्हणून फार थोडे लोक लिहितात. कोडमध्ये फेरफार होतो, आणि त्याची नोंद वर होत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. आपल्याकडच्या एखाद्या बिलिंग प्रोग्रॅमची कल्पना करा, २००७ च्या मे महिन्यानंतर लिहिलेल्या. सेवाकराचा दर तेव्हा १२ टक्के होता, शिक्षणाचे दोन्ही उपकर धरून १२.३६ टक्के. प्रोग्रॅमरने रकमेला ०.१२३६ ने गुणणारी ओळ लिहिली आणि तिच्या डोक्यावर कॉमेंट टाकली: 'सेवाकर १२.३६ टक्के, सर्व बिलांना लागू.' त्या दिवशी ओळ बरोबर, कॉमेंटही बरोबर. २४ फेब्रुवारी २००९ पासून दर १०.३० टक्क्यांवर आला. अशा वेळी ऑफिसात घाई असते, कारण नव्या दराने बिले लगेच निघायला हवीत. कोणीतरी आकडा बदलला, बिले बरोबर निघू लागली, काम झाले. कॉमेंट मात्र १२.३६ म्हणत राहिली.

१ एप्रिल २०१२ पासून दर पुन्हा १२.३६ झाला. तीन वर्षे खोटी असलेली कॉमेंट एका रात्रीत खरी झाली, तिला कोणी हात न लावता. आता जो नवा माणूस ही फाइल उघडेल तो कॉमेंट वाचेल, खालचा आकडा पाहील, दोन्ही जुळतात म्हणेल आणि निर्धास्त होईल. समजा २०१३ मध्ये त्याच्याकडे काम आले, की २०१० ची काही बिले रद्द झाली आहेत, त्यांचा परतावा काढायचा आहे. कॉमेंट सांगते, सर्व बिलांना १२.३६. परतावा त्या दराने निघतो. कर घेतला होता १०.३० ने. फरक ग्राहकाच्या खात्यावर, हिशेबात आणि करविवरणात तिन्हीकडे उमटतो, आणि तो शोधणाऱ्याला कोडमध्ये चूक सापडत नाही, कारण ओळ आजच्या दराला बरोबरच असते. पुढे १ जून २०१५ ला १४ टक्के आले, त्याच नोव्हेंबरात स्वच्छ भारत उपकर, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकर, आणि १ जुलै २०१७ ला सेवाकर जाऊन जीएसटी. दर बदलला की कॉमेंटची परीक्षा, आणि प्रत्येक वेळी ती घ्यायला कोणी नाही.

त्या कॉमेंटमध्ये आकडा लिहायचेच कारण नव्हते. आकडा खालच्या ओळीत होता. लिहायला हवे होते ते हे, की हा दर कोणत्या तारखेपासूनचा, तो बिलाच्या तारखेला लागतो की पैसे मिळाल्याच्या, आणि जुने बिल उलटवताना कोणता दर धरायचा. म्हणजे जे कोडमध्ये दिसत नाही ते. पण आपण सहसा नेमके उलटे करतो. डोळ्यांसमोर दिसते ते शब्दांत पुन्हा लिहितो आणि मनातले मनातच ठेवतो.

एरवी काटेकोर असणाऱ्या माणसाच्या हातूनही असे होते, त्याला कामाच्या साधनांचाही हातभार असतो. आज बहुतेक एडिटरमध्ये कोड ठळक रंगांत दिसतो आणि कॉमेंट फिकट राखाडी किंवा हिरवी. कोड बदलणाऱ्याची नजर रंगीत शब्दांवर असते. फिकट मजकुरावरून ती घसरून जाते, आणि रोज त्याच फाइलीत काम करणाऱ्याला तो मजकूर दिसेनासाच होतो. नव्याने आलेल्याचे उलट असते. त्याला रंगीत कोडचा अर्थ लागत नसतो, म्हणून तो फिकट मजकुराचा आधार घेतो. बदल करणाऱ्याला कॉमेंट दिसत नाही, आणि नव्याने येणाऱ्याला तीच आधी दिसते. या दोघांमध्ये कधीकधी दहा वर्षांचे अंतर असते, त्यांची भेट होत नाही.

रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याने केलेल्या तपासणीत, तरी चुकीची कॉमेंट पकडली जावी. पण रिव्ह्यू करणारा पाहतो तो फरक, म्हणजे बदललेल्या ओळी आणि त्यांच्या आजूबाजूच्या काही ओळी. बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन न सांगता वर तीन आणि खाली तीन ओळी दाखवते. फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्याच्या, माथ्यावर लिहिलेली कॉमेंट बदललेल्या ओळीपासून चाळीस ओळी वर असेल, तर रिव्ह्यू करणाऱ्याच्या पडद्यावर ती येतच नाही. त्याने मनापासून काम केले तरी येत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, की कॉमेंट ज्या ओळीविषयी आहे त्या ओळीला खेटून लिहा. हा सल्ला मांडणीचा वाटतो, पण त्यावर कॉमेंटचे आयुष्य अवलंबून असते.

आता जगभर गाजलेल्या एका प्रकरणाकडे येतो, कारण कॉमेंटच्या दोन शब्दांनी काय होऊ शकते ते त्यात स्पष्ट दिसते. डेबियन ही लिनक्सची एक प्रतिष्ठित आवृत्ती. उबुंटू तिच्यावरच उभी आहे. तिच्यात ओपनएसएसएल नावाची लायब्ररी असते आणि इंटरनेटवरच्या गुप्त चाव्या तिच्या मदतीने तयार होतात. चावी सुरक्षित राहते ती यादृच्छिकतेवर, म्हणजे कोणाला अंदाज बांधता येणार नाही अशा आकड्यांवर. हे आकडे घुसळण्याचे काम एका फाइलीत होते आणि त्या फाइलीत एकच ओळ, अक्षरशः तीच, दोन ठिकाणी होती. एका ठिकाणी ती बाहेरून आलेली यादृच्छिक माहिती आत मिसळत होती. ती ओळ म्हणजे त्या यंत्रणेचा प्राण. दुसऱ्या ठिकाणी ती मेमरीच्या एका तुकड्यात जे काही पडून असेल तेही मिसळून घेत होती. ते मिळाले तर बरे, नाही मिळाले तरी चालण्यासारखे होते.

मेमरीच्या चुका शोधणारी व्हॅलग्राइंड आणि प्युरिफाय अशी साधने असतात. किंमत न भरलेली मेमरी वाचली की ती तक्रार करतात. दुसऱ्या ठिकाणच्या ओळीजवळ मूळ लेखकांनी कॉमेंट टाकली होती. तिचा अर्थ एवढाच, की प्युरिफाय तक्रार करते. का करते, ती तक्रार का सोडून द्यायची, ही ओळ इथे ठेवल्याने काय मिळते, यातले काही नव्हते. पहिल्या ठिकाणच्या, प्राणासारख्या ओळीजवळ तर यातले काहीच लिहिलेले नव्हते. २००६ च्या मे महिन्यात डेबियनसाठी हे पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाला व्हॅलग्राइंडच्या तक्रारी दिसल्या. या दोन ओळी काढल्या तर काय होईल, असे त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलेही. चुका शोधायला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. त्याने दोन्ही ओळी बंद केल्या.

त्यानंतर चावी बनवताना आत मिसळणारी यादृच्छिक गोष्ट एकच उरली, चालू प्रोसेसचा क्रमांक. लिनक्सवर तो तेव्हा साधारणपणे ३२,७६८ च्या आतच असे. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या चाव्या विश्वात किती असू शकतात, तर सुमारे बत्तीस हजार. त्या सगळ्या आधीच बनवून ठेवता येतात, आणि नंतर लोकांनी त्या बनवल्याही. हा बदल सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमध्ये आला आणि त्यातला दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. लुचियानो बेलो या डेबियनच्याच विकासकाने तो शोधून काढला. मधल्या वीस महिन्यांत या यंत्रांवर बनलेल्या सर्व चाव्या टाकून द्याव्या लागल्या. इतकेच नव्हे, डीएसए प्रकारच्या चांगल्या चाव्याही या यंत्रांवर नुसत्या वापरल्या गेल्या असतील तर त्या फुटल्या असे धरावे लागले.

तो बदल करणाऱ्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्याने वाचले, शंका काढली, विचारले. चांगला माणूस एवढेच करू शकतो. ती कॉमेंट काटेकोर अर्थाने खोटीही नव्हती, प्युरिफाय खरोखरच तक्रार करत होती. पण अर्धे सत्य सांगणारी कॉमेंट वाचणाऱ्याला चुकीच्या प्रश्नाकडे नेते. इथे प्रश्न झाला 'ही तक्रार कशी थांबवू'. पडायला हवा होता तो 'ही ओळ कशासाठी आहे'. असली कॉमेंट मी चुकीचीच मानतो.

चुकीच्या कॉमेंटचा हा प्रकार मोजण्याचा एक चांगला प्रयत्न अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाला. लिन टॅन, युआनयुआन झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक साधन तयार केले. ते कॉमेंट वाचून त्यातून नियम काढते आणि कोड तो नियम पाळतो का ते पाहते. लिनक्स, मोझिला, अपाची आणि वाइन हे चार प्रकल्प त्यांनी घेतले. कोड आणि कॉमेंट यांच्यातल्या साठ विसंगती सापडल्या. त्यांपैकी तेहेतीस ठिकाणी कॉमेंट बरोबर होती आणि कोडमध्ये बग होता. सत्तावीस ठिकाणी कोड ठीक होता आणि कॉमेंट चुकीची. लिनक्समधल्या एका जुन्या स्कझी कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनवर लिहिले होते, की मला बोलावण्याआधी कुलूप हातात असले पाहिजे. कुलूप म्हणजे एकाच माहितीला दोघांनी एकदम हात लावू नये यासाठीची व्यवस्था. त्याच फाइलीत ते फंक्शन कुलूप न घेता बोलावलेले होते. वर्षानुवर्षे कॉमेंट आणि कोड एकाच फाइलीत परस्परविरोधी विधाने करत बसले होते.

मला यात सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे, की विसंगती दिसली तेव्हा कोण खरे हे आधी सांगता येत नव्हते. जवळपास निम्म्या वेळा कॉमेंट खोटी, निम्म्या वेळा कोड. कुलपाविषयीची चुकीची कॉमेंट निरुपद्रवी नसते. कुलूप लागत नाही तिथे 'लागते' असे लिहिले असेल, तर आज्ञाधारक प्रोग्रॅमर कुलूप घेईल, आतले फंक्शन तेच कुलूप मागेल, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतील. आज कोडमध्ये बग नाही. उद्या कॉमेंट वाचून कोणीतरी तो आणेल. आमच्या धंद्यात बग सापडला की टिकेट निघते, त्याला गंभीरतेची पातळी मिळते, मुदत मिळते. चुकीच्या कॉमेंटचे टिकेट निघालेले क्वचितच दिसते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग कॉमेंट लिहूच नयेत. हा विचार आमच्याकडे बऱ्यापैकी रुजला आहे. रॉबर्ट मार्टिन यांचे 'क्लीन कोड' २००८ मध्ये आले. त्यातला कॉमेंटवरचा संशय अनेकांनी नियम म्हणून घेतला: नावे चांगली द्या, फंक्शने लहान ठेवा, कोडच बोलेल. यातला अर्धा भाग मला पटतो. पण नावही कंपायलर तपासत नाही. 'खाते तपासा' नावाचे फंक्शन तपासता तपासता खाते गोठवतही असेल, तर ते नावही खोटी कॉमेंटच आहे, आणि ते जिथे जिथे वापरले तिथे तिथे पुन्हा लिहिले गेलेले. शिवाय काही गोष्टी कोड कितीही स्वच्छ असला तरी बोलू शकत नाही. काय केले ते कोड सांगतो. काय मुद्दाम केले नाही आणि का केले नाही, ते तो सांगू शकत नाही.

याची किंमत ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथे दिसली. एरियन ५ या रॉकेटचे ते पहिले उड्डाण. सुमारे ३७ सेकंदांनंतर ते मार्गावरून वळले, मोडले आणि त्याने स्वतःला उडवून दिले. आत युरोपीय अवकाश संस्थेचे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. कारण आज पाठ्यपुस्तकांत आहे: दिशादर्शक यंत्रणेतल्या प्रोग्रॅमने ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत बसवायचा प्रयत्न केला, तो मावला नाही, यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही तीच, म्हणून तीही पडली. पण गणितज्ञ जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने त्याच जुलैत दिलेला अहवाल आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती फारशी शिकवली जात नाही.

असा धोका असलेले आकडे एकूण सात होते. त्यांपैकी चौघांना संरक्षण दिले होते आणि तिघांना मुद्दाम दिले नव्हते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि हे तीन आकडे मर्यादेबाहेर जाऊच शकत नाहीत असा विचार झाला होता. एरियन ४ च्या मार्गावर तो विचार बरोबर होता. एरियन ५ चा आडवा वेग पाचपट लवकर वाढत होता. हा निर्णय सर्वांनी मिळून, विचारपूर्वक घेतलेला होता. पण त्याचे कारण सोर्स कोडमध्ये कुठेही लिहिलेले मंडळाला सापडले नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ते दिसेनासे झाले होते, बाहेरून तपासणाऱ्याच्या हाती लागणे कठीण होते. 'एरियन ४ च्या मार्गावर हा आकडा मर्यादेत राहतो, म्हणून संरक्षण दिलेले नाही', एवढी एक ओळ तिथे असती तर रॉकेट वाचले असते असे मी म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ती ओळ वाचणाऱ्याला एरियन ५ चा मार्ग तपासावासा वाटला असता, एवढे नक्की. कॉमेंट खोटी असणे वाईट, आणि जिथे ती हवी तिथे नसणे तितकेच वाईट. म्हणून 'कॉमेंट नकोच' हा सल्ला मी माझ्या हाताखालच्या मुलांना देत नाही.

चुकीचा कागद आणि कोड यांची गाठ चंद्रावर उतरतानाही पडली होती. अपोलोच्या चांद्रयानाचे उतरण्याचे इंजिन थ्रॉटल केल्यावर किती उशिराने प्रतिसाद देते, याचा आकडा अधिकृत दस्तऐवजात ०.३ सेकंद असा होता. पुढे इंजिन सुधारले आणि उशीर ०.०७५ सेकंदावर आला. दस्तऐवज कोणी बदलला नाही. एमआयटीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ०.२ सेकंदाची भरपाई धरली होती. अपोलो ११ आणि १२ दोन्ही याच आकड्यावर उतरली आणि त्यांच्या नोंदींत थ्रॉटल वरखाली हेलकावताना दिसतो. नंतरच्या विश्लेषणातून निघाले, की दस्तऐवजाप्रमाणे पूर्ण ०.३ धरले असते तर थ्रॉटल अस्थिर झाला असता. त्या प्रोग्रॅमवर काम केलेल्या डॉन आइल्स यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्याच प्रोग्रॅमच्या छापील लिस्टिंगमध्ये एका ठिकाणी, हे तात्पुरते आहे अशी आशा बाळगतो, अशा अर्थाची कॉमेंट आहे. आशा हा शब्द तिथे तीनदा लिहिला आहे. ते तात्पुरते तसेच चंद्रावर गेले. 'सध्या', 'तात्पुरते', 'नंतर बदलायचे आहे' असे कालवाचक शब्द कॉमेंटमध्ये दिसले की तारीख लिहिलेली आहे का ते मी आधी पाहतो. तारीख नसेल तर त्या 'सध्या'ला अर्थ उरत नाही.

पुणे-मुंबईच्या सॉफ्टवेअर व्यवसायासाठी हा विषय पोटापाण्याचा आहे. आपल्याकडची बरीच मंडळी मेंटेनन्सचे काम करतात, म्हणजे दुसऱ्या देशात, दुसऱ्या लोकांनी, कधीकधी त्यांच्या जन्माआधी लिहिलेला कोड सांभाळतात. सॅप या जर्मन कंपनीच्या जुन्या कोडमध्ये आजही जर्मन कॉमेंट भेटतात. लिहिणारा निवृत्त झालेला असतो. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणून जे हस्तांतर होते त्यात काही दिवसांत वीस वर्षांची माहिती द्यायची असते, आणि मागे उरतो तो कोड आणि त्यातल्या कॉमेंट. वायटूकेच्या, म्हणजे जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करण्याच्या, कामाने भारतीय कंपन्यांना जगभर नेले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या कामाने एक गोष्ट शिकवली. कुठल्या रकान्यात तारीख आहे हे कॉमेंट वाचून किंवा रकान्याच्या नावावरून ठरवता येत नव्हते. ओळखीच्या एका तारखेपासून सुरुवात करायची आणि ती पुढे कुठे कुठे जाते त्याचा माग काढायचा, ही खात्रीची रीत होती. टीसीएसने १९८१ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात जुन्या कोडचे असे विश्लेषण करणारी साधने तयार झाली. नोंद तपासल्याशिवाय मानायची नाही, ही शिस्त या शहराने एकदा कामातून कमावलेली आहे.

मुद्दाम फसवणाऱ्या कॉमेंटविषयी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिजचे निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवले, की अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये जी अदृश्य चिन्हे आहेत ती कॉमेंटमध्ये पेरता येतात. मग पडद्यावर कॉमेंट दिसणारा मजकूर प्रत्यक्षात कोड असतो, किंवा कोड दिसणारा मजकूर कॉमेंट. रिव्ह्यू करणारा एक वाचतो, कंपायलर दुसरेच. रस्ट भाषेने लगेच नवी आवृत्ती काढून अशी चिन्हे असलेला कोड नाकारायला सुरुवात केली. आपल्या कंपनीतली साधने अशा चिन्हांवर इशारा देतात का, हे विचारून घ्या.

आणि आता कोड लिहिणारी एआय साधने आली आहेत. ती भरभरून कॉमेंट लिहितात. बहुतेक कॉमेंट खालची ओळ काय करते तेच पुन्हा सांगणाऱ्या असतात, म्हणजे पुढच्या फेरफाराला खोट्या ठरण्याच्या तयारीत असलेल्या. शिवाय ही साधने कोडबरोबर कॉमेंटही वाचतात आणि त्यांना पुरावा मानून पुढचा कोड लिहितात. पूर्वी चुकीच्या कॉमेंटवर एखादा नवा माणूस फसत असे, तोही मध्येच थांबून शेजारच्याला विचारत असे. आता फसणारे यंत्र थांबत नाही आणि एका दिवसात कित्येक फाइलींत तोच गैरसमज पसरवू शकते.

उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. कॉमेंटमधले जे यंत्राला तपासता येईल ते कॉमेंटमध्ये ठेवू नका. 'कुलूप हातात असले पाहिजे' असे लिहिण्याऐवजी लिनक्सच्या कर्नलमध्ये ती अट तपासणारी ओळच लिहिण्याची सोय आहे. तपासणी चालू ठेवली असेल तर अट मोडताच ती बोंब मारते. पायथॉनमध्ये माहितीपर मजकुरातली उदाहरणे चालवून पाहणारे डॉकटेस्ट २००१ पासून आहे, रस्टमध्ये तर ही तपासणी टेस्टबरोबरच होते. उदाहरण खोटे ठरले की टेस्ट पडते. एकके आकड्याबरोबर बांधा. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावले, कारण करारातल्या दस्तऐवजात न्यूटन-सेकंद लिहिले होते आणि फाइलीत पौंड-सेकंद येत होते. दस्तऐवज बरोबर असून उपयोग झाला नाही. यंत्राला तपासता येत नाही ते, म्हणजे कारण, निर्णय, नाकारलेला पर्याय, ज्या गृहीतावर सगळे उभे आहे ते गृहीत, तेवढे कॉमेंटमध्ये लिहा. तारीख घाला, टिकेटचा किंवा अधिसूचनेचा क्रमांक घाला.

इथे बसलेल्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. उद्या ऑफिसात जी फाइल बदलण्यासाठी उघडाल, तिच्यातल्या, तुम्ही बदललेल्या फंक्शनच्या सगळ्या कॉमेंट, अगदी माथ्यावरच्यासुद्धा, तुमचा बदल झाल्यावर पुन्हा एकदा वाचा. जी खोटी ठरली ती त्याच बदलात दुरुस्त करा. खरे काय ते माहीत नसेल आणि विचारायला कोणी नसेल, तर 'याची खात्री नाही' असे लिहून तारीख टाका. रिव्ह्यू करत असाल तर तीन ओळींवर थांबू नका, पूर्ण फंक्शन उघडा. आणि जे या व्यवसायात अधिकारी आहेत, कामाचे अंदाज आणि मुदती ठरवतात, त्यांना सांगणे आहे, की चुकीच्या कॉमेंटचे टिकेट निघू द्या, ते बगच्याच यादीत धरा, आणि तिच्या दुरुस्तीचा वेळ अंदाजात मोकळेपणाने लिहू द्या. तो वेळ तुम्ही दिला नाही तर मुले कॉमेंट सोडून पुढे जातील, आणि त्यात दोष त्यांचा नसेल.